ठेव, पत्र आणि छायाचित्र : एका स्पष्टीकरणाचे वाचन

कायद्याची पुस्तके वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही, आणि त्यात गैर काही नाही. तरीही क्वचित एखादे वाक्य असे भेटते, की ते लिहिणाऱ्याच्या मनात एक माणूस उभा होता हे जाणवते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ साली भारतीय दंड संहितेत जी नवी कलमे आली, त्यांतील कलम ३५४-सी ला जोडलेले दुसरे स्पष्टीकरण हे असे वाक्य आहे. त्याचा आशय असा : एखाद्या स्त्रीने आपली छायाचित्रे काढू देण्यास संमती दिली असेल, पण ती तिसऱ्या माणसापर्यंत जाऊ देण्यास दिली नसेल, आणि तरी ती पसरवली गेली, तर ते पसरवणे हा गुन्हा होय.

वरवर पाहता हे एक कोरडे विधान आहे. परंतु त्याला एक अनुच्चारित प्रश्न चिकटलेला आहे, आणि तो प्रश्न न्यायालयात विचारला जाण्याच्या कितीतरी आधी घराच्या माजघरात विचारला जातो : ‘तू मुळात फोटो काढूच कसा दिलास?’ आई विचारते, आत्या विचारते, मग ठाण्यातला हवालदार विचारतो. या प्रश्नापुढे मुलगी गप्प होते. कारण काढू दिला होता, हे खरेच असते. स्पष्टीकरण त्या प्रश्नाला उत्तर देते, आणि उत्तर देताना आवाज चढवत नाही. काढू देणे ही एक संमती, पसरू देणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. प्रस्तुत लेख या एका वाक्याचे वाचन आहे. हे वाक्य आपल्या कायद्यात आले कुठून, ते कोणत्या घरात राहावयास हवे होते, आणि प्रत्यक्षात त्याला कोणत्या घरी वाढावे लागले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

विश्वासाने दिलेली वस्तू आणि तिचा जाहीर वापर यांतील भेद कायद्याला नवा नाही. त्याचे एक ठळक उदाहरण पत्रांचे आहे. लंडनच्या कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने कवी अलेक्झांडर पोपची स्विफ्ट वगैरे मित्रांशी झालेली पत्रे छापून विकायला काढली. १७४१ साली लॉर्ड हार्डविक यांच्यापुढे प्रकरण आले. कर्लतर्फे एक युक्तिवाद असा होता की पत्र म्हणजे दिलेली भेट. पाठवले की पाठवणाऱ्याचा हक्क संपला. हार्डविक यांनी तो मानला नाही. पत्राचा कागद फार तर घेणाऱ्याचा होतो. ते जगापुढे मांडण्याचा परवाना त्याबरोबर जात नाही, असे त्यांनी ठरवले. निकालाला एक बारीक काठ आहे. मनाई मिळाली ती पोपने लिहिलेल्या पत्रांपुरती. त्याला आलेल्या पत्रांबाबत नाही. ज्याचे शब्द, त्याचीच संमती.

पुढे कॅमेरा आला. १८८८ साली इंग्लंडमध्ये एका बाईने पैसे देऊन छायाचित्रकाराकडून स्वतःच्या तसबिरी काढून घेतल्या. छायाचित्रकाराने तीच छबी नाताळच्या शुभेच्छापत्रावर सजवून दुकानाच्या काचेत मांडली. काच त्याची, रसायने त्याची, मूळ प्रतही त्याच्याच कपाटात. न्या. नॉर्थ यांनी तरी त्याला मनाई केली. हा करारातील अध्याहृत अटीचा भंग आहे आणि विश्वासाचाही भंग आहे, असे म्हटले. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. त्या तसबिरीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. बाई नीटनेटक्या पोशाखात होत्या. चित्र सभ्य की असभ्य हा प्रश्न न्यायमूर्तींना विचारावाच लागला नाही, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता : हे चित्र ज्या कामासाठी हाती आले, त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी ते वापरले का?

आपल्याकडे या न्यायाला ‘ठेव’ हा नेमका शब्द आहे. यात्रेला निघालेल्या बाईने शेजाऱ्याकडे पाटल्या ठेवायला दिल्या आणि त्याने त्या विकल्या, तर पाटल्यांचा घाट सुरेख होता की ओबडधोबड, हे पंच विचारत नाहीत. ‘दिल्याच कशाला?’ असे कोणी म्हटलेच, तरी ते शेजाऱ्याच्या बचावात धरले जात नाही. कलम ३५४-सी चे स्पष्टीकरण या कुळातले आहे. हार्डविक यांनी पत्राविषयी जे म्हटले तेच ते देहाच्या छायाचित्राविषयी म्हणते.

पण भारतीय कायद्यात हा विषय या कुळात वाढला नाही. तो वाढला ‘अश्लील’ या शब्दाच्या घरी, आणि तो शब्द आपल्या वाचकांना चांगला परिचयाचा आहे, कारण मराठी वाङ्मयाने त्याचा जाच बराच सोसला आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९६९ च्या ऑगस्टमध्ये लेखक निर्दोष सुटले. या सर्व खटल्यांच्या मुळाशी १८६८ सालच्या हिक्लिन खटल्यातली इंग्रजी कसोटी होती : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती या मजकुरात आहे काय? लॉरेन्सच्या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली, तीही याच मापाने. २०१४ साली न्यायालयाने हिक्लिनला निरोप देऊन समकालीन समाजाचे मापदंड स्वीकारले. माप बदलले, पण मोजायचे काय ते बदलले नाही.

मोजायचे असते ते वाचणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे मन. अश्लीलतेच्या कायद्यात इजा होते ती प्रेक्षकाला. हे कथेच्या बाबतीत समजू शकते. श्यामा ही काल्पनिक, तिला कोण कशी इजा करणार? पण जिवंत मुलीचे छायाचित्र गावभर फिरते, तेव्हा न्यायालयाने पाहणाऱ्यांची मने बिघडली का, हे तपासत बसावे, याइतका विपर्यास नाही. चोरीच्या खटल्यात चोराकडून माल घेणाऱ्याची रुची तपासण्यासारखे ते आहे.

हा विपर्यास प्रत्यक्षात घडला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला तेव्हा त्याच्या कलम ६७ मध्ये अश्लीलतेची जुनी शब्दयोजना जवळजवळ उचलून ठेवली गेली. २००४ च्या अखेरीस दिल्लीतील दोन अल्पवयीन शाळकरी मुलांची खासगी चित्रफीत बाझी डॉट कॉम या विक्रीच्या संकेतस्थळावर कोणा तिसऱ्याच विद्यार्थ्याने विकायला लावली. संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, देशभर गाजावाजा झाला. त्यानंतरचे वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात २०१२ आणि २०१६ पर्यंत चालत राहिले. या बारा वर्षांत काय चर्चिले गेले? संकेतस्थळ विक्रेता की नुसता बाजार. कंपनीला आरोपी न करता तिच्या संचालकावर खटला चालेल काय. विशेष कायद्याचे कलम लागू असताना दंड संहितेचे कलम २९२ लावता येते काय. कायद्याच्या दृष्टीने हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्या निकालांच्या पानांत ज्या मुलीचा विश्वास मोडला ती कुठेच पक्षकार नाही. ती विकल्या गेलेल्या मालाच्या वर्णनात येते, तेवढीच.

२००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ई आले आणि त्यात ‘संमती’ हा शब्द प्रथमच उजेडात आला. संमतीशिवाय कोणाच्याही गुप्तांगाचे चित्र टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा ठरला. स्त्री असो वा पुरुष. येथवर ठीक. पण त्याच दुरुस्तीने आणलेले कलम ६७-ए शेजारी ठेवून पाहा. ६६-ई ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ६७ ला पहिल्याच गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ६७-ए ला, म्हणजे लैंगिक कृतीचे उघड चित्रण पाठवण्याला, पाच वर्षे आणि दहा लाख. मोडलेल्या विश्वासापेक्षा दुखावलेली सभ्यता महाग. आणि या शेवटच्या कलमात संमतीचा उल्लेखच नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लावले, तर आपल्या माणसाला विश्वासाने चित्रण पाठवणारी स्त्री आणि ते चव्हाट्यावर मांडणारा पुरुष ही दोघेही ‘पाठवणारी’च ठरतात. तक्रार करायला निघालेल्या मुलीला एखादा वकील दबक्या आवाजात हे सांगतो, तेव्हा ती पायरीवरूनच परत फिरली तर तिला दोष देता येणार नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२१ च्या एका निकालात या दोन कुळांची ओढाताण स्पष्ट दिसते. एका स्त्रीची समाजमाध्यमांवरील साधी छायाचित्रे कोणीतरी उचलून एका अश्लील संकेतस्थळावर टाकली होती. चित्रांत काहीच वावगे नव्हते; त्या नाताळच्या शुभेच्छापत्रातल्या बाईंसारखीच. न्यायमूर्ती अनुप भंभानी यांनी ती चोवीस तासांत काढण्याचे, शोधयंत्रांतूनही हटवण्याचे आदेश दिले, आणि चित्र स्वतः अश्लील नसले तरी संमतीवाचून अशा जागी नेऊन ठेवणे हे कलम ६७ खाली येते असे म्हटले. निकाल न्याय्य आहे. पण न्यायमूर्तींना काय करावे लागले ते पाहा : संमतीच्या भंगाला न्याय देण्यासाठी त्याला अश्लीलतेच्या दारातून आत आणावे लागले. सभ्य चित्राला ‘अश्लील’ म्हटल्यावाचून त्या स्त्रीला कायद्याचा आसरा मिळेना. शब्द चुकीचा असला की सज्जन न्यायाधीशालाही कसरत करावी लागते, ती अशी.

आता दोन शब्द आपल्या भाषांविषयी. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपण मंडळी घरात मराठी बोलतो आणि फिर्याद हिंदीत लिहून देतो. कलम ३५४-सी च्या गुन्ह्याला सरकारी हिंदीत ‘दृश्यरतिकता’ असे नाव आहे. शब्द संस्कृतातून घडवलेला आहे, ऐकायला भारदस्तही आहे. पण तो कोणाचे वर्णन करतो? पाहण्यात सुख मानणाऱ्याचे. ज्याने स्वतः काही चोरून पाहिले नाही, उलट विश्वासाने मिळालेले दुसऱ्यांना वाटले, त्याचा गुन्हा या नावात मावत नाही. इंग्रजी मथळाही तसाच आहे. म्हणूनच ते स्पष्टीकरण मूळ कलमाला चिकटवलेले वाटते, त्यातून उगवलेले वाटत नाही. मूळ कलम दाराच्या फटीला लागलेल्या डोळ्याविषयी बोलते, आणि स्पष्टीकरण दाराच्या आत बोलावलेल्या माणसाविषयी.

वृत्तपत्री मराठीचा तर व्याकरणातच घोटाळा आहे. ‘तरुणीचे अश्लील फोटो व्हायरल झाले’ असा मथळा आपण किती वेळा वाचला असेल! ‘झाले’ म्हणजे पाऊस झाला तसे. ‘केले’ म्हटले की कर्ता सांगावा लागतो, म्हणून ‘झाले’. विशेषण मात्र नेमके मुलीच्या चित्राला लावलेले. अश्लील ते चित्र, पसरवणारा नव्हे. ‘अब्रू गेली’ हा वाक्प्रयोगही तसाच, ‘अब्रू घेतली’ असे म्हणायला आपली जीभ कचरते. इंग्रजीतून आलेला ‘सूडाचे अश्लील चित्रण’ अशा अर्थाचा शब्द मराठीत रुळू पाहतो आहे. त्याची दोन्ही टोके चुकीची आहेत. सूड म्हटले की आधी कुणीतरी काहीतरी आगळीक केली असली पाहिजे, म्हणजे दोष अर्धा मुलीकडे गेलाच. आणि विश्वासाने काढलेले चित्र हे विक्रीसाठी केलेले चित्रण नसते.

‘सूड’ या कल्पनेने इंग्लंडच्या कायद्याचे जे केले ते शिकण्यासारखे आहे. तेथे २०१५ मध्ये स्वतंत्र गुन्हा निर्माण केला गेला, पण त्याला अट अशी की आरोपीचा हेतू पीडित व्यक्तीला मनस्ताप देण्याचा असला पाहिजे. मग आरोपी म्हणू लागला, मी गंमत म्हणून पाठवले. मित्रांत बढाई मारायची होती. पैसे मिळत होते. ती कधी पाहील असे वाटलेच नव्हते. हेतू सिद्ध होईना. अखेर २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने मूळ गुन्ह्यातून ही अट काढून टाकली आणि ३१ जानेवारी २०२४ पासून संमतीचा अभाव हाच पाया झाला. पाटल्या विकणाऱ्याने त्या शेजारणीला रडवण्यासाठी विकल्या की कर्ज फेडण्यासाठी, हे विचारायचे नसते, एवढे समजायला त्यांना आठ वर्षे लागली. आपल्या २०१३ च्या स्पष्टीकरणात हेतूची अट पहिल्यापासूनच नाही. याबाबतीत तो मसुदा लिहिणारा हात इंग्रजांपेक्षा शहाणा होता, हे नमूद केले पाहिजे.

त्याच्या उणिवाही मग सांगितल्या पाहिजेत. वाक्यात छायाचित्र ‘काढण्यास’ संमती, अशी रचना आहे; कॅमेरा दुसऱ्याच्या हाती आहे असे लेखकाने धरले आहे. आज मुलगी स्वतःच स्वतःचे चित्र टिपते आणि पाठवते. अर्थ ताणून तेही या वाक्यात बसवता येईल, पण फौजदारी कायद्यात ताणलेला अर्थ आरोपीच्या वकिलाला सोयीचा असतो. या कलमाचे संरक्षण केवळ स्त्रीला आहे. ज्या मुलाची अशी चित्रे दाखवून पैसे उकळले जातात त्याला ६६-ई चाच आधार. बलात्कारपीडितेचे नाव उघड करणे हा वेगळा गुन्हा आहे. ज्या स्त्रीची चित्रे पसरली तिच्या नावाला ते कवच लागू नाही, वास्तविक तिच्या बाबतीत ओळख हाच घाव असतो. कृत्रिम बुद्धीने घडवलेल्या खोट्या चित्रांचे काय, हा तर निराळाच पेच. तेथे ठेव दिलेलीच नसते. पत्रांच्या भाषेत सांगायचे तर ते दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले खोटे पत्र आहे, आणि त्यासाठी ठेवीचा नव्हे, बनावटीचा न्याय लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी अशी बनावट चित्रेही तक्रार आल्यापासून चोवीस तासांत उतरवण्याचे बंधन मध्यस्थ कंपन्यांवर घातले, पुढे ही मुदत आणखी आखूड झाली. अमेरिकेने मे २०२५ च्या कायद्यात खरी व बनावट चित्रे एकाच पंक्तीला बसवून अठ्ठेचाळीस तास दिले. चित्र लवकर उतरणे हा मोठाच दिलासा, पण तो न्याय नव्हे.

न्यायाचे एक उदाहरण पश्चिम बंगालमधील तमलूकचे आहे. मार्च २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने एका तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली. दंड संहितेची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची अनेक कलमे एकत्र बांधून ती दिली गेली, आणि भरपाईसाठी त्या मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे मानावे असे न्यायालयाने सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका न्यायाधीशाला इजेचे मोजमाप नेमके कळले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात जामीन नाकारताना खंत व्यक्त केली, की आरोपीला तुरुंगात धाडता येते, पण जालावरील चित्र कायमचे पुसून मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात कुठे नीट लिहिलेला नाही. हार्डविक यांची मनाई छापखान्याच्या दारावर लावता येत होती. आता तसे एकच दार नाही.

आपल्या वयाची मंडळी यावर हमखास म्हणतात, असले फोटो काढूच नयेत म्हणजे झाले. सल्ला म्हणून तो कोणी कोणाला द्यावा, हरकत नाही. पण या जुन्या घरांच्या माळ्यांवर पत्रांच्या ज्या पेट्या आहेत, त्यांत नवपरिणितांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे असतीलच; त्यांतील कित्येक दिवाणखान्यात वाचून दाखवण्याजोगी नसतील. ती कोणी भरचौकात वाचली असती, तर ‘पत्र लिहिलेच कशाला?’ असे आजीला विचारण्याची कोणाची छाती झाली नसती. वाचणाऱ्याचेच थोबाड फुटले असते. नातीच्या वाट्याला तो न्याय का येऊ नये, याचे उत्तर मला त्या सल्ल्यात सापडत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सगळा कायदा नव्याने मांडण्याची अशी संधी दीडशे वर्षांत एकदा येते. कलम ३५४-सी आता ७७ झाले. आरोपीच्या जागी ‘कोणताही पुरुष’ होते तेथे ‘जो कोणी’ आले. मथळा तोच राहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-ई, ६७ आणि ६७-ए यांना कोणी हात लावला नाही. आणि ते वाक्य, ज्याला स्वतःचे कलम, स्वतःचे नाव मिळायला हवे होते, ते अजून स्पष्टीकरणच आहे, क्रमांक दोनचे.